डुकरांच्या तापाचा नकाशा काढतेय, पण दवाखान्याजवळच रोग जास्त कसा दिसतोय?

उदगीरची_लेक | मंगळवार, रात्री ११.४०

मंडळी, पहिलाच धागा आहे, चूकभूल सांभाळून घ्या.

मी पशुवैद्यक. बी.व्ही.एस्सी. उदगीरला केलं आणि एम.व्ही.एस्सी.साठी थेट मिझोराममध्ये येऊन पडले. आईने शेजारणीला 'तिकडं चीनजवळ असती' असं सांगून विषय मिटवलाय. माझा विषय साथरोगशास्त्र आणि प्रबंध आफ्रिकन स्वाइन फीवरवर. मार्च २०२१ मध्ये लुंगलेई जिल्ह्यातल्या लुंगसेनला डुकरं मरायला लागली, पुढच्या महिन्यात भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान पक्कं केलं, आणि त्या एका वर्षात या एवढ्याशा राज्यात ३३ हजारांवर डुकरं गेली. इथलं डुक्कर म्हणजे आपल्याकडची दारातली म्हैस समजा. लेकरांची फी, दवाखान्याचं बिल, ख्रिसमसचं जेवण, सगळं त्याच्यावर.

माझं काम म्हणजे रोग कुठून कुठे गेला त्याचा नकाशा काढायचा आणि बाधित गावांत असं काय होतं जे बाकीच्यांत नव्हतं, ते शोधायचं. हाताशी गावांची यादी आहे: गावाचं नाव, कळवल्याची तारीख, मेलेली डुकरं. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठिपके टाकले, हीटमॅप (जिथे ठिपके दाट तिथे रंग गडद) काढला. लालभडक डाग पडला तो ऐझॉलभोवती आणि तिथून लुंगलेईकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेने. इथवर ठीक. मग लॉजिस्टिक रिग्रेशन लावलं, म्हणजे कुठल्या घटकाने गाव बाधित व्हायची शक्यता वाढते त्याचा हिशेब. डुकरांची संख्या २०१९ च्या पशुगणनेतून घेतली. त्याशिवाय रस्ता, बाजार, सीमा, पशुदवाखाना यांच्यापासूनची अंतरं, उंची, जंगल. निकाल काय यावा? दवाखाना जितका जवळ, तितका रोगाचा धोका जास्त! सर हसले. म्हणाले, तुमच्या हिशेबाने दवाखान्यांना कुलूप लावलं की साथ संपली.

दुसरी भानगड. २०२१ ला लाल असलेली कितीतरी गावं २०२२ च्या नकाशावर पांढरीफटक. गावाला प्रतिकारशक्ती आली म्हणावं, तर या रोगात लागण झालेलं डुक्कर वाचतं कुठे?

आणि तिसरी, जिने माझी झोप उडवलीय ती प्रश्नावली. 'डुकराला खरकटं घालता का?' या प्रश्नाला घरोघरी 'नाही'. मागच्या आठवड्यात एका 'पी'कडे गेले होते. वडीलधाऱ्या बाईला इथे पी म्हणतात, पुरुषाला पू. घर डोंगराच्या उतारावर, मागे फळ्यांचा गोठा, फळ्यांच्या फटीतून सगळी घाण खाली, आणि खाली दुसऱ्याचा गोठा. चुलीवर काळंकुट्ट पातेलं. तांदळाचं धुवण, भोपळ्याचे वेल, अळूची पानं. पीने पळी फिरवली आणि बरगडीचं हाड वर आलं. म्हटलं, हे काय? म्हणाली, लग्नातलं. म्हटलं, तुम्ही तर खरकटं घालत नाही म्हणालात. म्हणाली, हे खरकटं नाहीच, हे शिजवलंय. मी पातेल्यात बोट घालून पाहिलं. कोमट.

तर आता (१) 'अबाधित' गावं निवडायची कशी, (२) या पांढऱ्या गावांचं करायचं काय, (३) प्रश्न विचारायचा कसा? नकाशेवाले, डॉक्टर, डुकरं पाळणारे, कुणीही बोला.

---

हौशी_खवय्या | बुधवार, सकाळी ८.०५

ताई, हा स्वाइन फ्लू का? मागच्याच महिन्यात गोव्याला सोरपोतेल (डुकराच्या मटणाचं) चापून आलोय. काळजी करू का?

---

उदगीरची_लेक | बुधवार, सकाळी ८.५०

नाही हो. फ्लूचा विषाणू पूर्ण वेगळा. आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला होत नाही. माणूस तो फक्त बुटाला, टेम्पोला नाहीतर डब्यातल्या मटणाला लावून पुढच्या गावी पोचवतो. तुम्ही निर्धास्त रहा. सोरपोतेलची उरलेली हाडं मात्र कुणाच्या डुकराला घालू नका.

---

वराहमिहिर_नव्हे | बुधवार, दुपारी ३.२०

नावावरून गैरसमज नको, मी ज्योतिषी नाही. पशुसंवर्धनात तीस वर्षं घासली आणि आता सकाळी बागेत फिरतो.

पोरी, तुझ्या नकाशात चूक नाही. तो वेगळ्याच गोष्टीचा नकाशा आहे, एवढंच. डुक्कर कुठे मेलं यापेक्षा फोन कुणी केला, हे त्यात दिसतंय. दवाखाना हाकेच्या अंतरावर असेल तर माणूस येऊन सांगतो. सहा तास चालत जावं लागत असेल तर खड्डा खणतो किंवा, खरं बोलायचं तर, मरायच्या आत कापतो. तुझी 'अबाधित' गावं म्हणजे 'न कळवलेली' गावं. त्या शून्यांवर रिग्रेशन लावलंस तर ते बिचारं दुसरं काय सांगणार?

तेव्हा ती शून्यं फेकून दे. प्रयोगशाळेच्या रजिस्टरात अशी गावं शोध, जिथून डुकराचा नमुना आला, पण तपासणीत आफ्रिकन निघाला नाही. क्लासिकल स्वाइन फीवर (नावात साम्य, विषाणू वेगळा) निघाला असेल, पीआरआरएस हा डुकरांचा श्वसनाचा आणि गाभ पडण्याचा रोग निघाला असेल. मिझोरामात पीआरआरएस २०१३ पासून आहे, तेव्हा असे नमुने मिळायला हवेत. ही तुझी तुलनेची गावं. कारण या गावांनीही फोन केला होता. फोन करणाऱ्यांची तुलना फोन करणाऱ्यांशीच कर, म्हणजे दवाखान्याचं भूत बरंचसं उतरेल.

एक जुनी गोष्ट सांगतो. फेब्रुवारी २००६, नवापूर, बर्ड फ्लू. देशातली पहिलीच वेळ. आदेश असा की बाधित फार्मपासून ३ किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारायचे आणि १० किलोमीटरपर्यंत नजर ठेवायची. मोबाईलवर नकाशे वगैरे काही नव्हतं. माझ्यापुढे ५० हजार प्रमाणाची टोपोशीट, म्हणजे कागदी नकाशा. ३ किलोमीटर म्हणजे कागदावर ६ सेंटिमीटर, ते पोराच्या कंपासपेटीतल्या कंपासने जमलं. १० किलोमीटर म्हणजे २० सेंटिमीटर, तेवढा तो कंपास उघडेचना. शेवटी टाचणीला दोरा बांधला, दुसऱ्या टोकाला पेन्सिल, आणि टेबलाभोवती फिरून वर्तुळ काढलं. दोरा फिरवता फिरवता पेन्सिल गुजरातेत गेली, उच्छलच्या बाजूला. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, तर कोंबडीला सीमा कोण शिकवणार? पण माझ्या हातातली गावांची यादी नंदुरबार जिल्ह्यापाशी संपत होती. वर्तुळाचा तो तुकडा बराच वेळ कोराच राहिला. कोरा म्हणजे निरोगी, असं आमच्यातल्या दोघा-तिघांना मनापासून वाटत होतं!

तुझ्या नकाशावर एका बाजूला बांगलादेश, दुसऱ्या बाजूला म्यानमार. तिथे रंग पांढरा ठेवलाय का, बघ. 'सीमेपासून अंतर' हा घटक त्या पांढऱ्यावर उभा आहे.

पांढरी गावं: सरपण जळून गेल्यावर आग दिसत नाही. २०२१ ला डुकरंच गेली, तर २०२२ ला मरणार कोण? २०१९ ची गणना त्या गावाला लावून उपयोग नाही. साथ येऊन गेल्यावर गावात उरली किती, पुन्हा आणली कधी, आणि कुठून, हे विचारावंच लागेल. पिल्लं परत भरायचा काळ हाच पुढच्या लाटेचा काळ असतो.

आणि तारीख. 'कळवल्याची तारीख' घेऊन दिशा काढू नकोस, भलतीकडे जाशील. हा रोग गोवरासारखा भसाभस पसरत नाही. गोठ्यात आधी एक मरतं, मग आठवडाभर शांतता, मग बाकीची. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत ४ ते १९ दिवस. पहिल्या मरणाला लोक 'नेहमीचा ताप' म्हणून सोडून देतात. तुला पहिलं मरण हवंय. लोकांना तारीख आठवत नाही, सण आठवतो. आपल्याकडे मी 'पोळ्याच्या आधी की नंतर' असं विचारायचो. तिथलं काय असेल ते तू शोध.

---

नकाशेवाला_पुणे | बुधवार, रात्री ९.१५

काकांना दंडवत. दोऱ्याचा किस्सा उद्या ऑफिसात सांगणार.

ताई, माझ्याकडून फक्त तांत्रिक. तुमचा हीटमॅप कुठल्या प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीत) आहे? उदगीरच्या प्रोजेक्टची फाइल 'सेव्ह ॲज' करून तशीच वापरली असेल तर ती यूटीएम पद्धतीच्या ४३ व्या झोनमध्ये, म्हणजे पट्ट्यात, असणार. मिझोराम ४६ मध्ये येतं, सॉफ्टवेअरमधला कोड ईपीएसजी ३२६४६. चुकीच्या झोनमध्ये अंतरं वाकडी येतात. आणि अक्षांश-रेखांशातच हीटमॅप काढला असेल तर तुमची 'त्रिज्या ५' म्हणजे ५ किलोमीटर नव्हे, ५ अंश. अख्खा ईशान्य भारत एका डागात मावेल.

सरळ रेषेतलं अंतर डोंगरात कामाचं नाही. ऐझॉल ते लुंगलेई नकाशावर पट्टी लावली तर शंभराच्या आत, रस्त्याने जाल तर दीडशेच्या वर. दोन गावं समोरासमोरच्या धारेवर, एकमेकांचे दिवे दिसतात, पण मध्ये दरी आणि वळसा अर्ध्या दिवसाचा. विषाणू तर गाडीनेच जाणार. तेव्हा रस्त्यांचं जाळं घेऊन प्रवासाचा वेळ काढा. ओपनस्ट्रीटमॅपवर तिथले बरेच रस्ते आहेत. पावसाळ्यात दरडी कोसळून बंद पडणारे हाताने काढून टाका.

रोगाचे समूह (एकाच जागी, एकाच काळात जास्त रोग) शोधायला हीटमॅपवर विसंबू नका. सॅटस्कॅन हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात कुलडॉर्फचं स्पेस-टाइम परम्युटेशन मॉडेल आहे. त्याला फक्त बाधितांची जागा आणि तारीख लागते, एकूण डुकरं किती हे लागत नाही. एखादा भाग कायमच जास्त कळवत असेल तर तेही ते बऱ्यापैकी पोटात घेतं. कळवण्याची सवयच मध्ये बदलली असेल, समजा भरपाई सुरू झाली आणि लोक अचानक फोन करू लागले, तर मात्र फसवेल.

आणि कृपा करून पोलंड-जर्मनीच्या पेपरांतले घटक जसेच्या तसे उचलू नका. तिथे रानडुक्कर हा मुख्य वाहक. जंगलाची घनता, मक्याची शेतं, कुंपणं, सगळं त्याच्यासाठी. तुमच्याकडचं डुक्कर फळ्यांवर उभं आहे, ते रानात जात नाही.

---

वराहपालक_सातारा | गुरुवार, सकाळी ६.४०

म्या काय शिकल्याला न्हाई, पण चाळीस माद्या हायत माझ्याकडं, म्हणून बोलतो.

ताई, तुमच्या यादीत 'व्यापारी' कुठाय? रस्ता, जंगल, उंची, समदं हाय. माझ्या फार्मवर रोग आला तर तो टेम्पोतनं येणार. व्यापारी सकाळी एका वाडीवर जातो, तितलं आजारी जनावर स्वस्तात घेतो, टेम्पो न धुता दुपारी माझ्या दारात. हौद्यातला भुसा बी त्योच. म्हणून मी गेटच्या आत टेम्पो घेत न्हाई, रस्त्यावरच तोलून देतो. लोक म्हणत्यात लई शाणा झालाय.

दुसरं. हॉटेलचं खरकटं. निळ्या डरमात येतं. शिजवायला सांगत्यात, पर २०० लिटरचा डरम उकळायला सरपण कुणाच्या बापाचं? वरचा थर गरम झाला की लोक उतरवत्यात.

तिसरं कुणी बोलणार न्हाई म्हणून मी बोलतो. ह्या रोगात एक किलोमीटरच्या आतली समदी मारणार, ह्ये कळल्यावर माणूस काय करतो? रातच्याला भरून विकतो. ज्यांचं चांगलं हाय त्ये आधी विकत्यात, ज्यांचं आजारी हाय त्ये त्याच्या बी आधी. भरपाई मिळंल तवा मिळंल. मग रोग त्या वर्तुळाच्या बाहेर कुणी नेला? आमीच. ह्ये तुमच्या नकाशात कसं दावणार ते बघा.

---

वराहमिहिर_नव्हे | गुरुवार, सकाळी ७.३०

साताऱ्याच्या पाहुण्यांनी माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं. माझ्या वर्तुळांबाहेर काय काय गेलं असेल याचा विचार मी नोकरीत असताना करायचं टाळत असे.

जगातही हा रोग असाच फिरलाय. १९२१ साली केनियात पहिल्यांदा नोंदला गेला, तिथे वॉर्टहॉग ही रानडुकरं आणि मऊ गोचिडी यांच्यात तो पूर्वापार होता. २००७ साली तो एकदम जॉर्जियात उगवला, काळ्या समुद्राच्या काठी. संशय पोटी नावाच्या बंदरातल्या जहाजांच्या खरकट्यावर. २०१८ च्या ऑगस्टमध्ये चीन, २०२० ला आपल्याकडे आसाम-अरुणाचल, २०२२ च्या जुलैत थेट वायनाड. आसाम ते वायनाड डुक्कर चालत गेलं नाही. आसामात तर मेलेली डुकरं ब्रह्मपुत्रेत वाहत आली, काझीरंगाच्या आगोराटोली भागात रानडुकरांसाठी दोन किलोमीटरचा चर खणावा लागला. नदी हाही एक रस्ताच. पोरी, तुझ्या उताराच्या गोठ्यांचं तेच आहे. वरचं घर आणि खालचं घर असा रकाना ठेव.

---

उदगीरची_लेक | तीन आठवड्यांनी, रविवार

उशिरा आले, फील्डवर होते. पायाच्या दोन्ही अंगठ्यांची नखं गेलीत.

नकाशेवाले, प्रोजेक्शन ४३ च होतं. हे मी सरांना सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

काका, तुम्ही म्हणालात तसे निगेटिव्ह नमुन्यांची गावं घेऊन पुन्हा बसले. दवाखान्याचा आकडा जवळजवळ जमिनीवर आला. बाजारापासून गाडीने लागणारा वेळ हा घटक मात्र हलेना. नमुने थोडे आहेत, त्यामुळे फार उड्या मारत नाही.

तारखांसाठी इथे ईस्टर आणि चापचार कुट. मार्चमधला सण आहे, झूम (फिरत्या) शेतीसाठी रान तोडून झाल्यावरचा. २०२१ चा ईस्टर ४ एप्रिलला होता. 'चापचार कुटला डुकरं धडधाकट होती का? ईस्टरच्या जेवणाला कुठलं कापलं?' असं विचारलं की माणसं नीट सांगतात. दोन गावांत पहिलं मरण कळवल्याच्या तारखेच्या महिनाभर आधीचं निघालं. त्या गावांमधला माझा जुना बाण उत्तरेकडून दक्षिणेकडे होता, आता तो उलटा झालाय.

खरकट्याचा प्रश्न फाडून टाकला. आता विचारते, 'काल पातेल्यात काय काय होतं?' आणि सोबत थर्मामीटर नेते. ६० अंशाला २० मिनिटं टिकलं तर विषाणू मरतो असं पुस्तक म्हणतं, आणि खरकट्यासाठीचा आंतरराष्ट्रीय नियम ९० अंश, एक तास, सतत ढवळत. मी मोजलेली पातेली कडेला गरम आणि मधे हाडाजवळ गार. पीला आकडा दाखवला तर तिने माझ्याच हातात पळी दिली, म्हणाली ढवळ मग.

साताऱ्याचे दादा, तुमचा 'व्यापारी' रकाना घातला, पण इथे तो पुरेना. व्यापाऱ्याइतकाच इथे वाटा फिरतो. एका पूने सांगितलं, डुक्कर खाईना झालं, कान जांभळे पडले, तेव्हा त्याने कापलं. मटण कुणाकुणाला दिलं, ते बोटांवर मोजत सांगायला लागला: बहीण, चर्चमधला मित्र, बायकोचं माहेर दोन डोंगर पलीकडे, बाकी चुलीवर टांगून धुरावलेलं. मी वहीत ठिपक्यांऐवजी रेघा काढत गेले. त्या रेघांच्या टोकाला असलेल्या घरांपैकी दोन घरं माझ्या यादीत आधीपासून लाल होती. पूने वही पाहिली आणि बराच वेळ बोललाच नाही. मग विचारलं, "बहिणीचं माझ्यामुळं का?" मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही. खरंच येत नाही. एका घरात तर त्याच आठवड्यात बाहेरून पिल्लंही आली होती.

पांढऱ्या गावांत डुकरं मोजायचं सोडून रिकामे गोठे मोजले. कुठे सरपण रचलंय, कुठे कोंबड्या. आतल्या फळ्यांवर नवी माती पडली असेल तर पिल्लं पुन्हा आलीत. चंफाईच्या बाजूला एका घरात दोन गुबगुबीत पिल्लं होती. कुठून आणली? बाईने हनुवटीने म्यानमारच्या सीमेवरच्या तिआऊ नदीकडे खूण केली आणि हसली.

तर आता सीमेपलीकडचा पांढरा रंग काढून राखाडी केलाय. नकाशेवाले, एकच अडलंय. सूचीमध्ये राखाडीपुढे काय लिहू? 'माहिती नाही' लिहिलं तर सर म्हणतात, प्रबंधात असं चालत नाही.

---

वराहमिहिर_नव्हे | रविवार, संध्याकाळी ५.१०

'सर्वेक्षण झालेले नाही' असं लिही. सरकारी मराठी आहे, कुणी हरकत घेणार नाही. आणि नखांना मिठाच्या कोमट पाण्यात धर.